नेढ्यातून दिसलेलं

राजगडाच्या सुवेळा माचीवर एक नेढं आहे. नेढं म्हणजे खरं तर सुईचं भोक. पण सह्याद्रीत फिरणारे लोक कातळाला आरपार पडलेल्या भोकालाही हाच शब्द वापरतात. रतनगडाच्या माथ्यावर एक आहे, तसंच हे. माणसं चढून त्यात बसतात, वारा अंगावर घेतात आणि फोटो काढतात. (आरडाओरडा मात्र करू नये. त्या कातळाला मधमाश्यांची पोळी लागतात, आणि त्यांना आपल्या सहलीचं कौतुक नसतं.)

एका हिवाळ्यात भाचीबरोबर तिथं बसलो होतो. ती जितकं पुढं जाणं शहाणपणाचं तितकी पुढं गेली, खालच्या दरीचा फोटो घेऊन आली आणि फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "मामा, बघ ना, काहीच आलं नाही." आलं तर सगळंच होतं. डोंगर होते, धुकं होतं, शेतं होती, आभाळ होतं. पण तिची तक्रार खरी होती. समोर जे अंगावर येत होतं ते फोनवर चपटं, फिकं आणि लांब जाऊन बसलं होतं. "तीन पावलं मागं येऊन पुन्हा काढ," मी म्हटलं. दुसऱ्या फोटोत कातळाची काळी, ओबडधोबड कड चारी बाजूंनी आली आणि मधे तीच दरी. तिला आता फोटोतली निम्मीही जागा नव्हती, तरी ती पहिल्यापेक्षा खोल वाटत होती.

फोटोग्राफीच्या पुस्तकांत याला 'फ्रेमच्या आत फ्रेम' म्हणतात. दार, खिडकी, कमान, फांदी, काहीतरी शोधा आणि विषयाभोवती घ्या, असा सल्ला असतो. सल्ला बरोबर आहे, पण तो दागिना घालावा तसा दिला जातो. म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी कुठल्याशा कमानीखाली उभी दिसतात आणि ती कमान तिथं कशासाठी आहे हे फोटोग्राफरलाही सांगता येत नाही. मला विचाराल तर चौकटीचं मोठं काम सुशोभनाचं नाहीच. बघणारा कुठं उभा आहे, हे ती सांगते. भाचीचा पहिला फोटो ड्रोननं काढला असता तरी चालला असता. दुसऱ्या फोटोत मात्र कुणीतरी काळोख्या कातळात बसलेलं आहे आणि तिथून उजेडाकडे बघतंय.

हे असं का होतं, ते डोळ्यापासून सुरू करून सांगायला हवं. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच, म्हणजे साधारण दोन अंशांत, आपल्याला कुठल्याही क्षणी खरोखर रेखीव दिसत असतं. बाकीचं धूसर. ते जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत समोरचं दृश्य वेचत असतो. नेढ्यात बसून आपण दरी पाहतो म्हणजे आधी वळणावरचं टेकाड पाहतो, मग एखादी घार, मग खालच्या वाडीतला धूर, मग पुन्हा टेकाड. मेंदू या वेचलेल्याची गोळाबेरीज करतो आणि नको ते टाकून देतो. फोनचं भिंग यातलं काहीच करत नाही. फोन आडवा धरला तर त्याची मुख्य लेन्स सुमारे ७० अंशांचं दृश्य एका घासात गिळते आणि सगळं सारख्याच इमानानं मांडून ठेवते. घारीचा ठिपका होतो. धूर दिसतही नाही.

खोलीचंही तसंच. हातातला कप किती लांब आहे हे दोन डोळ्यांतल्या अंतरामुळे कळतं. डोंगर मात्र इतके लांब असतात की तिथं दोन डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथं मेंदू दुसऱ्या खुणा बघतो. जवळचं दूरच्याला झाकतं, जवळचं मोठं आणि गडद दिसतं, लांबचं हवेमुळे निळसर होत जातं. या खुणा एका डोळ्यालाही कळतात, म्हणून त्या फोटोतही टिकतात. पहिल्या फोटोत झाकणारं, मोठं, गडद असं काही नव्हतंच; सगळं सारखंच दूर होतं. कातळाची कड आली आणि नजरेला अंतर मोजायला एक टोक मिळालं. त्या कडेनं आणखी एक काम गुपचूप केलं, वरचं कोरं पांढरं आभाळ झाकलं. फोटोत नजर आधी उजळ जागेकडे धावते. ते आभाळ फोटोचा एक तृतीयांश भाग खात होतं आणि त्या बदल्यात काही देत नव्हतं.

चित्र म्हणजे खिडकी, ही कल्पना कॅमेऱ्याहून चारशे वर्षांनी मोठी आहे. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन विद्वानानं १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. चित्र काढताना आपण आधी एक चौकोन आखतो आणि ती उघडी खिडकी समजून तिच्यातून विषय पाहतो, असं त्यात तो सांगतो. त्याच ग्रंथात एका पातळ, विरळ विणीच्या पडद्याची युक्ती आहे. पडद्यात जाड दोऱ्यांनी चौकोन पाडलेले. चित्रकारानं तो स्वतःच्या आणि विषयाच्या मधे ताणायचा, कुठल्या चौकोनात काय पडतंय ते बघायचं आणि तसंच फलकावर उतरवायचं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ग्रिड' सुरू केली की पडद्यावर ज्या चार बारीक रेघा येतात, त्या या दोऱ्यांच्याच दूरच्या नातेवाईक.

त्या रेघांवरून आठवलं. फोटोचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि विषय त्या रेघांवर ठेवा, हा 'एक तृतीयांशाचा नियम' सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो या नावानं पहिल्यांदा छापला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज कोरीवकारानं, १७९७ मध्ये, ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात. बोलत होता तो निसर्गचित्रांविषयी. आभाळ किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती, याचं प्रमाण निम्मं-निम्मं ठेवू नये असं त्याचं म्हणणं. नवशिक्याला माणूस नेहमी मधोमध उभा करायच्या सवयीतून हा नियम सोडवतो, एवढा त्याचा उपकार पुरेसा आहे. दारातला माणूस मात्र बहुधा मधोमधच शोभतो, कारण दार स्वतःच दोन्हीकडे सारखं असतं. तिथं त्याला ओढून रेघेवर नेण्यात अर्थ नाही.

आता दारांकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांइतकी चांगली शाळा यासाठी शोधून सापडणार नाही. माजघरात उभं राहिलं की समोर दाराची चौकट, तिच्यापलीकडे ओसरीचे खांब, त्यापलीकडे उन्हानं भरलेला चौक आणि चौकात तुळशीवृंदावन. एकात एक तीन चौकटी आयत्या मिळतात. पण इथं फोटो काढला की दोनांपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर चौक जळून पांढराफटक होतो, किंवा माजघर ट्यूबलाइट लावल्यासारखं करडं दिसतं.

कारण उजेडाच्या हिशेबात आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून लांबच्या खोलीत शे-दोनशेसुद्धा नसतो. एवढा फरक एका फोटोत मावत नाही. फोनचा मीटर सरासरी काढतो. दृश्याचा मोठा भाग काळोखा दिसला की तो 'फारच अंधार आहे बुवा' असं समजून उजेड वाढवतो आणि चौक जातो. यावर इलाज साधा आहे. पडद्यावर तुळशीवृंदावनाला बोट लावा, म्हणजे मीटर त्या उजेडाचा हिशेब धरेल. बोट तसंच दाबून ठेवलं तर बऱ्याच फोनमध्ये हिशेब तिथंच पक्का होतो. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित खाली ओढा. माजघर काळं होईल. होऊ दे, तो काळोखच आपली चौकट आहे.

दुसरा प्रकार नव्या फोनमध्ये जास्त. त्यांच्यातली एचडीआर नावाची सोय एका पाठोपाठ कमी-जास्त उजेडाचे काही फोटो घेते आणि त्यांची मोट बांधते, म्हणजे काळोखातलंही दिसावं आणि उन्हातलंही. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा मांडवात ती उपयोगी आहे. वाड्याच्या दारात ती घात करते. सावलीतली कॅलेंडरं, पंख्याची वायर, कोपऱ्यातला सिलिंडर, जे काळोखानं पोटात घेतलं होतं ते सगळं ती उकरून वर काढते. सोय बंद करता येत असेल तर बंद करावी. नसेल तर उजेड खाली ओढून तिला जरा दाबावी.

त्या दारात आजीला बसवायचं असेल तर आणखी थोडं. उंबरठ्याच्या आत, तोंड कॅमेऱ्याकडे करून बसवलं तर चेहरा काळा पडणार, कारण उजेड पाठीमागून आहे. तोंड अर्धवट अंगणाकडे वळवलं की गालाच्या एका बाजूनं उजेड उतरतो, सुरकुत्यांत थांबतो, आणि आपण जरा बाजूला सरकलो की मागं माजघराचा काळोख राहतो. अशा फोटोला स्टुडिओतल्या दिव्यांची गरज पडत नाही. माणूस पूर्ण काळ्या आकृतीतच हवा असेल तर त्याला बाजूनं उभं करा, म्हणजे नाक, हनुवटी, पदराची टोकं कळतात. समोरून उभा केला तर नुसता खांब दिसतो. आणि डोकं काळ्या चौकटीला टेकू देऊ नका. मधे उजेडाची बोटभर फट राहिली पाहिजे, नाहीतर माणूस आणि दार एकाच लाकडातून कोरल्यासारखे दिसतात.

चौकटीचे खांब वर जाताना एकमेकांकडे झुकले, तर फोन मागं कललेला आहे असं समजावं. आपण उभे राहून, फोन जरा वर करून फोटो काढतो, म्हणून असं होतं. खाली बसा आणि फोन भिंतीला समांतर धरा. उंचीचा हा मुद्दा पूर्वी काही कॅमेरेच परस्पर सोडवत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२), भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, रोलायफ्लेक्स वापरत. तो कॅमेरा छाती-पोटाशी धरायचा आणि वरून त्याच्या काचेत बघायचं. काचेतलं चित्र चौरस, आणि डावं-उजवं उलटं. गैरसोयीचं वाटतं खरं. पण कॅमेरा आपोआप कमरेच्या वर थोडा राही, आणि उलट्या चित्रात ओळखीची गोष्टही परकी दिसत असल्यामुळे रचना आधी डोळ्यात भरे.

चौकट कथेत काय करू शकते हे बघायचं तर सिनेमाकडे जावं लागतं. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'च्या (१९६४) सुरुवातीला चारू एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाते, झडपांच्या फटी उघडते आणि हातातल्या दुर्बिणीच्या भिंगांतून रस्त्यावरच्या छत्रीवाल्याचा पाठलाग करते. संवाद जवळजवळ नाहीतच. तरी ही बाई घरात कोंडलेली आहे, हुशार आहे आणि कंटाळलेली आहे, हे तेवढ्यात कळतं. जॉन फोर्ड यांच्या 'द सर्चर्स'मध्ये (१९५६) उलटा प्रकार. सिनेमा काळोख्या घराच्या उघडणाऱ्या दारातून सुरू होतो, पलीकडे लालसर वाळवंट. शेवटी पुन्हा तेच, घरातले सगळे आत येतात, नायक चौकटीत बाहेरच थांबतो, वळतो, चालू लागतो, आणि दार लागतं. दोन्हीकडे कॅमेरा आत आहे. एकीकडे आत अडकलेलं माणूस बाहेर बघतंय, दुसरीकडे बाहेरच्या माणसाला आत जागा नाही. चौकट तीच, लाकडाचीच. बघणारा कुठं उभा आहे त्यावरून अर्थ फिरतो.

स्थिर फोटोंत हा खेळ ज्यांनी सगळ्यात मजेत खेळला ते माझ्या मते रघुबीर सिंह. जन्म जयपूरचा, १९४२ चा. गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल, असं जगभर मानलं जात होतं तेव्हा ते हट्टानं रंगीत फोटो काढत राहिले. मुंबईवर त्यांचं स्वतंत्र पुस्तक आहे, १९९४ चं. पण मला ज्याविषयी सांगायचंय ते त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये आलं, 'अ वे इन्टू इंडिया'. त्यात जवळजवळ प्रत्येक फोटोत अँबॅसडर मोटार आहे. कधी तिचं उघडं दार, कधी पुढची काच, कधी आरसा. मोटारीच्या काचांनी रस्त्याचे आपसूक तुकडे पडतात. पुढच्या काचेत एक प्रसंग, बाजूच्या खिडकीत दुसरा, आरशात मागं राहिलेला तिसरा, आणि मधल्या लोखंडी पट्ट्या त्यांना वेगळं ठेवतात. त्यांचे फोटो बघताना मला नेहमी वाटतं की बाहेर जे चाललंय ते या माणसाला गाडीतून दिसतंय ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. कितीतरी प्रवासी फोटोग्राफर गाडीतून उतरून असा आव आणतात की जणू त्या गावातच जन्मले.

अँबॅसडर आता रस्त्यावरून गेली. रिक्षा आहे. पावसाळ्यात रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून बघा. वायपरनं पुसलेला काचेचा अर्धचंद्र, त्यात सिग्नलचे फुटलेले रंग, वर आरशात रिक्षावाल्याचे डोळे, बाजूला पडद्याची फडफडणारी कड. एसटीच्या खिडकीचे आडवे गज घ्या. मुंबईच्या लोकलचं उघडं दार घ्या, पण दारातून बाहेर लोंबकळून नव्हे. डब्यात आत उभं राहून, दारातली माणसं काळ्या आकृतीत आणि त्यांच्यामधून पळणारी खाडी. धोका कमी आणि फोटोही बरा.

चौकट लाकडा-लोखंडाचीच असावी असं नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. वारीत दिंडी बघायला रस्त्याच्या कडेला उभं राहिलात आणि पुढं माणसांची भिंत असली तर त्रागा करू नका. पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीतून फोटो घ्या. खांदे धूसर, गडद. मधे टाळ उंचावलेला एक वारकरी. गर्दीचा फोटो गर्दीतूनच काढलेला आहे हे त्या खांद्यांनी सांगितलं. आईच्या कमरेवरच्या हाताचा त्रिकोण आणि त्यातून डोकावणारं पोर, हीदेखील चौकट आहे. उन्हाचा तुकडा तर सगळ्यात स्वस्त. बोळात दोन इमारतींच्या मधून दुपारी एक पट्टा पडतो, त्या पट्ट्यावर उजेडाचा हिशेब पक्का करायचा आणि कुणीतरी त्यात पाऊल टाकेपर्यंत थांबायचं. थांबायला जमत असेल तर. मला पाच मिनिटांत चहा आठवतो.

गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असतात. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये किंवा एखाद्या जुन्या घरात ते दिसतील. त्यांतून उजेड येतो, दृश्य येत नाही. अशी खिडकी चौकट म्हणून वापरायला गेलात तर फसाल. पण तिच्या शेजारी माणूस बसवला तर इतका मऊ उजेड दुसरीकडे मिळणार नाही.

पलीकडचं नीट न दिसताही, नुसत्या फटीतून, केवढं काम होऊ शकतं याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा फोटो, पॅरिसमधल्या सँ-लाझार स्टेशनामागचा. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या बेतात. हा फोटो त्यांनी कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला. फट इतकी अरुंद होती की डावीकडची फळी फोटोत आली, आणि एरवी आपल्या फोटोला कात्री लावू न देणाऱ्या या माणसाला इथं ती बाजू कापावी लागली. म्हणजे चौकटीनं त्यांना जागा दिली, आणि त्यांनी शेवटी चौकटच काढून टाकली. बघणारा कुठं उभा आहे हे त्यांना इथं सांगायचं नव्हतं. उडीच्या मधे काही यायला नको होतं.

आणि चौकट चुकते कधी? पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या. हत्तींना धडक देता येऊ नये म्हणून मारलेले टोकदार खिळे, आणि त्या प्रचंड दारातच कापलेला छोटा दिंडी दरवाजा. चौकटीत चौकट. कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येकजण दारातून आतला फोटो काढतो, आणि आत काय दिसतं? हिरवळ, जोती, पाट्या. मुख्य वाडा १८२८ च्या आगीत गेला. दार एवढं जबरदस्त की पलीकडचं त्याच्यापुढं फिकं पडतं. अशा वेळी दारालाच विषय करावं, खिळ्यांवरचा तिरपा उजेड पकडावा. किंवा मग ती पोकळीच मुद्दाम दाखवावी, एवढं दार आणि आत नुसतं गवत. पण हे ठरवून केलेलं असावं.

झाडाची फांदी हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. आभाळ झाकायला म्हणून वरच्या कोपऱ्यात चार पानं आणली जातात. बुंधा कुठं दिसत नाही, फांदी कुठून आली ते कळत नाही, आणि फोटोवर कुणीतरी कोथिंबीर भुरभुरल्यासारखी दिसते. फांदी घ्यायची तर ती कुठून निघाली हे थोडं दिसू द्यावं.

लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत वेगळीच गंमत. सगळे मावावेत म्हणून फोटो काढणारा जागेवरूनच रुंद भिंगानं ओळ पकडतो. रुंद भिंग सरळ रेषा सरळ ठेवतं खरं, पण त्याची किंमत कडेला उभ्या असलेल्यांना मोजावी लागते. कडेच्या गोष्टी बाजूला ताणल्या जातात. टोकाची मावशी उगाच जाड दिसते आणि दोष तिच्या साडीला जातो. दहा पावलं मागं जावं, दोनपट झूम लावावा, आणि दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा ठेवावी. मागं जायला जागा नसेल तर ओळ दोन रांगांत करावी.

शेवटी एक पुठ्ठा. लग्नाची जुनी पत्रिका घ्या, जाड असतेच, आणि तिच्यात चार बोटं रुंद, तीन बोटं उंच अशी चौकट कापा. फोनचा साधा फोटोही चारास तीन या प्रमाणात असतो. एक डोळा मिटून त्या भोकातून बघा, पुठ्ठा डोळ्याजवळ आणा, लांब न्या, आडवा करा, उभा करा. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स असा कापलेला काळा पुठ्ठा वापरायचा सल्ला देत. त्यांचे कॅमेरे अवजड असत. प्रत्येक ठिकाणी तिपाई लावण्यापेक्षा पुठ्ठा फिरवणं सोपं. आपल्याकडे अवजड काही नाही, उलट फारच हलकं आहे, म्हणून आपण एका दारापुढं वीस फोटो काढतो आणि विसातला एकही बघून काढलेला नसतो. पुठ्ठ्यानं बटण दाबता येत नाही, हाच त्याचा गुण. आधी विषय बघून झाला की नजर चारी कडांवरून एक फेरी मारून आणावी. कुठं कुणाचं कोपर अर्धं कापलंय, कुठं विजेची तार डोक्यातून निघतेय, कुठं कचऱ्याचा डबा डोकावतोय. यातलं बरंचसं एक पाऊल सरकल्यानं जातं.

त्या दिवशी नेढ्यातून उतरायच्या आधी भाचीनं माझाही एक फोटो काढला. मी कडेला, पाठमोरा, पलीकडे दरी. बराच वेळ काही होईना.

"मामा, जरा डावीकडे सरक."

"का? उजेड नीट नाही?"

"उजेड ठीक आहे. तिथं कुणीतरी पाण्याची बाटली टाकलीय, ती तुझ्या मागं जाईल."

मी सरकलो. "अजून थोडा," ती म्हणाली. "आता बूच दिसतंय."